रेघेखालचं गाणं

मागच्या महिन्यात एक तरुण माझ्याकडं आला. सोलापुरात इंग्रजी रॉक पहिल्यांदा कुणी वाजवलं, कुठं वाजवलं, असली माहिती तो गोळा करत होता. समोर फोन ठेवून म्हणाला, "काका, सत्तरच्या दशकात, सोलापूरसारख्या गावात, तुम्ही लढाईच्या विरोधात गाणं म्हटलंत. केवढं धाडस!" मी म्हटलं, "डोंबलाचं धाडस! चहा घे आणि ऊठ." पोरगं कावरंबावरं झालं. चहा अर्धा टाकून गेलं. त्याचा काही दोष नव्हता. पण त्या गाण्याचं कुणी कौतुक केलं की माझं डोकं सटकतं, पन्नास वर्षं झाली तरी सटकतं. त्याला जे सांगितलं नाही ते आता लिहून टाकतो. नावं कुणाचीच घालत नाही. एकदा न विचारता दुसऱ्याचं चारचौघांत मांडलं, तेवढं पुरे झालं.

आमचं घर शुक्रवार पेठेत. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चादरींचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि कॉलेजात गेल्यापासून माझ्या तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी. सात रस्ता चौकाजवळ एका डॉक्टरांचा बंगला होता, त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. त्याचा मामा बोटीवर नोकरीला. दर खेपेला तो भाच्यासाठी रेकॉर्डी आणायचा. एका खेपेला आणलेल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर जळतं शेत होतं आणि त्याच्यापुढं लांब केसांची पाच माणसं, कुणाचा तरी बाप मेल्यासारखी तोंडं करून उभी. आत गाण्यांचे शब्द छापलेले. आम्ही चौघं मित्र डिक्शनरी घेऊन त्याच्या माडीवर बसायचो आणि एकेक ओळ सोडवायचो. सरकार पोरांना मरायला पाठवतं, म्हातारे नकाशावर रेघा ओढतात, पोरं त्या रेघांवर मरतात, अशा अर्थाचं बरंच काही त्यात होतं. व्हिएतनाम नकाशात शोधायलाच आम्हाला अर्धा तास लागला. पण अंगावर काटा यायचा, हे खरं. असलं गाणं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आमच्याकडं गाणं म्हणजे देवाचं नाहीतर सिनेमातलं.

मग काय विचारता! केस वाढले. शिंप्याकडून पायाशी घोळदार पँटी शिवून झाल्या. डॉक्टरांच्या मुलानं गिटार मिळवली, एकाचा बाप लग्नाच्या बँडात ढोल वाजवायचा, ते पोरगं ड्रमवर बसलं. मी गायचो. अप्पा म्हणायचे, "केस तरी काप, नाहीतर सरळ वेणी घाल, तुझ्या अव्वाचा गजरा देतो." अव्वा, म्हणजे माझी आई, माडीवरचा आवाज घरापर्यंत येत नसतानासुद्धा कानावर हात ठेवून म्हणायची, "साकु रे, साकु! पुरे झालं!"

एकाहत्तरच्या डिसेंबरात आपली लढाई लागली आणि आम्ही चौघंही फिरलो की. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, मिरवणुकीत घसा फुटेपर्यंत घोषणा दिल्या. सकाळी "मारा, ठोका" आणि संध्याकाळी माडीवर "लढाई नको" असं आमचं चालायचं. अमेरिकेची लढाई वाईट आणि आपली चांगली, एवढी सोपी वाटणी होती. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही, मला तर नाहीच नाही.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिथं मावशी राहायची. ती नात्यातली कुणी नव्हती. सांगोल्याकडची, नवरा गेलेला, जमीन होती ती नावाला. ज्वारीच्या कडक भाकरी करून दुकानांना द्यायची. दिवसभर तिच्या खोलीतून थापण्याचा आवाज यायचा. तिचा एकुलता एक मुलगा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मला सायकल शिकवली त्यानं, पोहायला शिकवलं त्यानं, पहिली बिडी ओढताना पकडून कानफटात दिली तीही त्यानंच. तो फौजेत भरती झाला तेव्हापासून पेठेत त्याला सगळे फौजी म्हणायला लागले. मीही इथं तेच म्हणतो.

मावशीला अक्षर येत नव्हतं. फौजीची पत्रं मी वाचायची, उत्तरं मी लिहायची, असं ठरून गेलेलं. गाडीत बसताना त्यानं मला बाजूला घेतलं होतं. "हे बग, मी मधी एक रेघ मारीन. रेघेच्या वर आयचं. रेघेखाली तुझं न् माझं. खालचं तिला वाचायचं न्हाय. शपथ घे." मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. पत्र आलं की मावशी हात धुवायची, डोक्यावर पदर घ्यायची, पाटावर बसायची आणि म्हणायची, "हं, वाच." मी रेघेपर्यंत वाचायचो, तिच्यासाठी पुन्हा एकदा वाचायचो, आणि घडी घालून परत द्यायचो. ती पत्रं तिच्या पत्र्याच्या पेटीत जायची. रेघेखाली काय असायचं? ताप आला होता. हवालदारानं उन्हात उभं केलं. दात पडला. शेजारच्या कॉटवरचा पोरगा रडतो. आईला कळलं तर जेवायची नाही असलं सगळं. मला त्या शपथेचा फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

जानेवारीत कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही त्या रेकॉर्डवरचं एक गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली, तिसऱ्याला चपला. "ए गोऱ्याच्या, बस खाली!" खाली उतरलो तर आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "अरे, दुसऱ्याचं रडगाणं कशाला गाता? तुमचं स्वतःचं काही असेल तर गा." हे वाक्य माझ्या डोक्यात घुसलं. माझं स्वतःचं काय होतं? दुकान, चादरी, अव्वाच्या हातची शेंगाची चटणी. असल्यातून लढाईविरुद्धचं गाणं कसं निघणार?

फेब्रुवारीत पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलातून फौजीचं पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं, कारण डाव्या हातानं लिहिलेलं. रेघेच्या वर चार ओळी होत्या. हाताला जरा लागलंय, आता बरं हाय, जेवण चांगलं मिळतं, काळजी करू नको. मावशीनं विचारलं, "जरा म्हंजे किती रं?" मी म्हटलं, "जरा म्हणजे जराच."

रेघेखाली बाकीचं सबंध पान भरलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती, ते त्यानं एका ओळीत उरकलेलं. बाकी सगळं एका दुपारचं होतं. ती लढाईच्या शेवटच्या दिवसांतली. तो उसाच्या फडात एकटा पडून होता. पंधरावीस हातांवर पलीकडचा एक जखमी सैनिक होता, दिसत नव्हता, नुसता आवाज. तो पाणी मागत होता. "पानी म्हनत हुता. आपल्यावानीच. पैलं मला वाटलं ह्यो डाव हाय. मग वाटलं उटलो तर कुनीतरी टिपनार. मग मला राग याया लागला, का गप बसत न्हाय म्हनून. माझी बाटली भरलेली हुती. आयनं शिवलेल्या पिशवीत. दिस मावळायच्या आत त्यो गप झाला. मग मी बाटली उघडली आन् सगळं पानी प्यालो. गड्या, मी पानी प्यालो."

ती पिशवी मला ठाऊक होती. दुकानातल्या एका डागी चादरीचा तुकडा अप्पांनी मावशीला दिला होता, त्यावर मोर होता. तो मोर बरोबर मधोमध येईल अशी बेतून तिनं बाटलीला पिशवी शिवली होती. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, "आयला हे कदी कळू देऊ नको. उन्हाळ्यात वाटंवर रांजण भरून ठिवनारी बाय ती. तान्हेल्याला पानी न्हाय म्हनलं तर सात पिढ्या वाळत्यात म्हनती. तिला कळलं तर मला तोंड दाकवाया जागा न्हाय. हे कुनाला तरी सांगितल्याबिगर झोप येईना म्हनून तुला सांगितलं. आता हे पान फाडून टाक."

आमच्या दुष्काळी मुलखात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे काय, हे ज्यानं तिथं उन्हाळा काढला त्यालाच कळेल. चोरी, शिवीगाळ, भांडण सगळं माफ होतं. पाण्याचं होत नाही. मला हे सगळं कळत होतं. पान वाचून मी रडलो, अगदी हमसून रडलो. पण फाडलं नाही. वरचा चार ओळींचा भाग कापून मावशीला दिला, खालचा माझ्या वहीत ठेवला.

का ठेवला? त्या वेळी स्वतःला सांगितलं, मित्राचं दुःख असं कसं फाडायचं. थापा सगळ्या! खरं कारण असं की, रडता रडताच माझ्या मनात आलं होतं की हे गाणं आहे. एक डोळा रडत होता आणि दुसरा ओळी मोजत होता. त्या दुसऱ्या डोळ्याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात गाणं तयार झालं. चाल गॅदरिंगला म्हटलेल्या त्या इंग्रजी गाण्याची, शब्द मराठी. त्यातलं धृपद अजून पाठ आहे, विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही:

पाणी दे, पाणी दे, उसात कोण बोलतो
भरलेल्या बाटलीला कोण हात लावतो
आईनं शिवली पिशवी, मोर तिच्यावर नाचतो
पाण्यावाचून माणूस मरतो, देश माझा वाचतो!

माडीवर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिघांनी लगेच पुन्हा म्हणायला लावलं. ढोलवाल्याच्या पोरानं विचारलं, "आरं, कुठून सुचलं हे तुला?" मी केसांतून हात फिरवत म्हणालो, "सुचलं असंच." गाणं चांगलं होतं, तीच तर बोंब आहे. वाईट असतं तर कुणी विचारलं नसतं आणि सगळं तिथंच मिटलं असतं.

बहात्तर सालचा पाऊस आलाच नाही. गणपतीत सुद्धा आभाळ कोरडं ठाक. पेठेतल्या मंडळाचा मेळा होता, त्यात गाणं म्हणायची आम्हाला संधी मिळाली. मंडळाचे अध्यक्ष, कापडवाले होते, ते गाणं ऐकून जरा चपापले. "हे देशाच्या विरुद्ध तर होत नाही ना? नुकती लढाई जिंकलीय आपण. लोक मांडव पेटवतील." आणि तेव्हा माझी अक्कल धावली. मी म्हटलं, "आधी जवानाच्या आईचा सत्कार करू. शाल, नारळ. ती पुढच्या रांगेत बसलेली असली की कोण बोलतंय?" अध्यक्ष खूश. म्हणाले, "वा! पोरगं अप्पांसारखंच हुशार आहे."

हे मी केलं. माझ्या गाण्याला दगड लागू नयेत म्हणून मी त्या बाईला पुढं उभं केलं. तिला ते गाणं कळेल असं मनात आलं नाही का? आलं होतं. पण मी स्वतःला म्हणालो, गिटार आणि ढोलाच्या दणदणाटात त्या अडाणी बाईला काय कळतंय! नाव तर कुणाचंच घेतलं नाही. मोराचं भान राहिलं नाही. यमकाच्या नादात तो मोर मला माझाच वाटायला लागला होता.

मावशी यायला तयार नव्हती. "मला कशाला रं बाबा मांडवात बशिवतोस? माझं भाकरीचं पीठ मळायचं ऱ्हातंय." अव्वानं तिला आपलं नवं लुगडं नेसायला दिलं आणि हाताला धरून आणलं. अध्यक्षांनी भाषण केलं, शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मावशी मान खाली घालून पहिल्या रांगेत बसली, मांडीवर नारळ. मग आम्ही सुरू केलं.

मी डोळे मिटून गात होतो. तसं गायचं असतं, असं आम्ही वेष्टनावरच्या फोटोंवरून शिकलो होतो. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा डोळे उघडले. ती माझ्याकडं बघत होती. तोंडावर राग नाही, काही नाही. अनोळखी माणसानं आपलं नाव घेऊन हाक मारावी तसं बघत होती. तिचे ओठ हलत होते. माझ्या बरोबरीनं ती एकेक शब्द मनात ठेवून घेत होती, जशी पत्र वाचताना घ्यायची. मला तिथंच कळलं. थांबायला हवं होतं की नाही? घसा बसला म्हणायचं, चक्कर आली म्हणायचं. पण लोक डोलायला लागले होते. बाया डोळ्याला पदर लावत होत्या. मी थांबलो नाही. उलट शेवटचं धृपद तीनदा म्हटलं.

मांडव टाळ्यांनी दणाणला. अध्यक्षांनी मिठी मारली. पुढं बघितलं तर तिची खुर्ची रिकामी, खुर्चीवर नारळ आणि घडी घातलेली शाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीपुढनं दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा तिनंच हाक मारली. "ये की, भाईर का हिंडतोस?" ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही.

"गानं कुणी लिवलं रं?"

"मी."

"म्हंजे तुज्या मनानं?"

"हो मावशी. कवी लोक असं काहीबाही जोडतात. कल्पना असते ती."

"मोर बी जोडलास व्हय?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात पुसले. पेटी ओढली आणि पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "मला वाचाया येत न्हाय, पन डोळं हायत. परत्येक कागदावर एक रेघ हाय. तू रेघेपाशी थांबतोस. मला वाटायचं, तुमा पोरापोरांचं काय असंल. असू दे म्हनायची. आन् पुन्याहून आलेल्या त्या कागदाला रेघच न्हवती, खालनं कापल्याला हुता. आता वाच. समदं वाच."

मी वाचलं. तापापासून सुरुवात केली, दात, हवालदार, रडणारा पोरगा. प्रत्येक ठिकाणी ती "आस्सं" एवढंच म्हणायची. शेवटी घरी जाऊन वहीतलं ते कापलेलं पान आणावं लागलं. ते वाचताना माझा आवाज फुटेना. ती म्हणाली, "काल तर चांगला खणखणीत हुता की." मग वाचलं. "मी पानी प्यालो" इथपर्यंत आलो तेव्हा तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. आजवर तिच्या हातची भाकरी जळालेली मी पाहिली नव्हती.

ती भाकरी खाली उतरवून तिनं विचारलं, "फाडून टाक म्हनला हुता न्हवं?"

"हो."

"मग फाडलं का न्हाईस?"

कपाळ माझं. मी म्हटलं, "मावशी, चुकलं. लढाई किती वाईट असते हे लोकांना कळावं म्हणून..."

"थांब," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पाय धरून मोकळा झालो असतो. "माजं पोरगं तितं जिवाच्या भ्यानं गप बसलं. त्याचं पाप हाय, ते मी आन् देव बगून घिऊ. तुला हितं कशाचं भ्या हुतं रं? तू कशापायी बोललास?"

पन्नास वर्षं झाली, या प्रश्नाचं उत्तर मी शोधतोय असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. उत्तर तेव्हाच माहीत होतं. टाळ्यांपायी.

तिनं ते पान माझ्या हातून घेतलं आणि चुलीत घातलं. मग म्हणाली, "कागद घे. लिव." मी लिहायला बसलो. वर नेहमीचं सांगितलं. पाऊस न्हाय, जुंधळा म्हाग झालाय, तुजी तब्येत संबाळ, पानी पीत जा. मग म्हणाली, "आता रेघ मार." मी मारली. "आता खाली तुज्या हातानं लिव की, आयला काय बी म्हायती न्हाय. पान फाडून टाकलं म्हनून लिव. त्याला झोप लागाया पायजे."

मी लिहिलं. तिनं कागद हातात घेऊन रेघेखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, जणू त्यानं तिला कळणार होतं मी खरंच लिहिलंय की नाही. आता माझ्यावर विश्वास ठेवायला तिच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. पेठेत आणखी कुणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे आणखी एकाला सांगायचं. म्हणून पुढचे सगळे महिने ती माझ्याकडूनच पत्रं वाचून घेत राहिली, आता वरचं आणि खालचं दोन्ही. आणि मी उत्तरात खाली लिहीत राहिलो, आयला काही माहीत नाही. दोघंही माझ्याच हातानं एकमेकांपासून लपत होते.

मी पुन्हा ते गाणं म्हटलं नाही. मित्रांना पुण्याच्या स्पर्धेत जायचं होतं. कारण विचारलं तर सांगता येईना. डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "अप्पांनी डोळे वटारले असतील. लढाईविरुद्ध गाणारा हा वाघ बापाला भितो!" मी ते ऐकून घेतलं. खऱ्यापेक्षा ते फार बरं होतं. मग आमचं जमणं बंद झालं, आणि मी केस कापून दुकानात बसायला लागलो.

हॉस्पिटलातून सुटल्यावर फौजीनं रजा न घेता पलटणीच्या कचेरीत काम केलं आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो कायमचा घरी आला. सगळीकडं दुष्काळ, पेठेत नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार. आला त्याच दिवशी त्यानं मला जेवायला बोलावलं. मी टाळायला बघितलं, पण तो दुकानातच येऊन उभा राहिला आणि माझी मानगूट धरून घेऊन गेला. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट, तेवढ्या दोहोंची पकडसुद्धा घट्ट होती. वाटेत म्हणाला, "तू लई केलंस गड्या माज्यासाटी. तुज्यामुळं आयसमोर मान वर करून आलो."

खोलीत मावशी भाकरी थापत होती. ताटं मांडायला वेळ होता. फौजी भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "पेठेतली पोरं सांगत हुती, गणपतीत तू म्हनं एक गानं म्हनलंस. लढाईचं. बायाबापड्या रडल्या म्हनं. मला कळवलं न्हाईस ते? म्हन की आता."

मावशीचा हात थांबला. मी म्हटलं, "जुनं झालं रे. विसरलो."

"आसं कसं इसरशील? आय, तू हुतीस न्हवं तितं? कसं हुतं?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, गणपतीनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. मग परातीकडं वळून म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? विंग्रजी हुतं. म्हनून दाव की त्याला."

मला काय करायचंय ते तिनं सांगून टाकलं होतं. रेकॉर्डवरचं ते मूळ इंग्रजी गाणं मी म्हटलं. चाल तीच, म्हणून पेठेतलं कुणी ऐकत असलं तरी निभावून जाणार होतं. म्हातारे नकाशावर रेघा ओढतात, पोरं मरतात, सगळं कडव्यानिशी म्हटलं. फौजी डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून ऐकत होता. संपलं तेव्हा म्हणाला, "लई झ्याक. पन म्हनतंय काय ते?"

आयुष्यात मला भेटलेला एकच माणूस, ज्याला ते गाणं समजून सांगायला हवं होतं. ज्याच्यासाठीच कुणीतरी ते कुठंतरी लिहिलं असणार. त्याला सांगितलं तर तो पुढचं विचारणार होता, कुठल्या लढाईचं, बाया कशासाठी रडल्या. मावशी पाठमोरी होती, पण तिचे कान माझ्याकडं होते.

"प्रेमाचं आहे," मी म्हटलं. "एका पोराचं न् पोरीचं."

फौजी खो खो हसायला लागला. "आन् ही येडी पोरं लढाईचं म्हनून सांगत्यात! मला बी वाटलं, म्हनलं, ह्याला लढाईचं काय म्हायती असनार?" असं म्हणून त्यानं त्या दोन बोटांच्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि मी हसलो. देवाशपथ सांगतो, त्याच्याबरोबर मीही हसलो.